एडिंबराहून एका दिवसात लहान व्हिस्की डिस्टिलरी: काय बघावं, काय विचारावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. निवृत्त जोडपं मुलीकडे एडिंबराला आलंय. एक दिवस मोकळा आहे. मोठ्या नावाच्या कारखान्यात बसभर लोकांसोबत फिरण्यापेक्षा एखादी लहान माल्ट व्हिस्की (मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) डिस्टिलरी बघावी असं त्यांच्या मनात आहे. त्यातल्या वहिनी पीत नाहीत. आणि शंका ही की चार घोट चाखण्यापलीकडे तिथे बघण्यासारखं काही असतं का.

भरपूर असतं. मी तर म्हणेन की चाखणं वगळलंत तरी दिवस वाया जाणार नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोलचं तंत्र शिकून मी आधी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर काम केलं आणि पुढे स्कॉटलंडमध्ये लहान माल्ट डिस्टिलऱ्यांत आलो. दोन्हीकडचं काम हाताखालून गेल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो: लहान डिस्टिलरीत बघायची असते ती निर्णयांची साखळी. धान्य कुठलं, आंबवण किती तास, धार कुठे तोडायची, पिंप कुठलं. हे सगळं एका छपराखाली, तीन-चार माणसांच्या हातात असतं आणि ती माणसं तुमच्यासमोर उभी असतात. मोठ्या ठिकाणी हेच निर्णय पुष्कळदा दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात झालेले असतात.

एडिंबराहून एका दिवसात जाऊन येण्यासाठी मी लिंडोर्स ॲबी सुचवेन. फाइफ परगण्यात, टे नदीच्या दक्षिण काठाला न्यूबरा नावाचं छोटं गाव आहे, तिथे. त्याच परगण्यातली डाफ्टमिल ही खरी शेतकऱ्यांची डिस्टिलरी: कथबर्ट बंधू शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हाच, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, भट्टी लावतात. २००५ मध्ये सुरू करून त्यांनी पहिली बाटली २०१८ मध्ये काढली. एवढा धीर धरणारी माणसं या धंद्यात मी फार कमी पाहिली. पण तिथे पाहुण्यांसाठी रोजची फेरी नसते, त्यामुळे तुमच्या कामाची नाही. सेंट अँड्र्यूजजवळची किंग्सबार्न्स चांगली आहे. समुद्र आणि गोल्फचं गाव दोन्ही बघायचं असेल तर तिकडे जा. मात्र व्हिस्की कशी होते हे समजून घ्यायचं असेल आणि सोबत थोडा इतिहास हवा असेल, तर लिंडोर्स.

इतिहास असा. ११९१ च्या सुमारास हंटिंगडनचा अर्ल डेव्हिड याने इथे मठ बांधला. तो राजा विल्यम द लायनचा भाऊ. मठाचे भग्नावशेष आज डिस्टिलरीच्या समोरच, रस्त्यापलीकडे उभे आहेत. १४९४ च्या सुमाराच्या स्कॉटलंडच्या राजकोशाच्या हिशेबवहीत एक नोंद सापडते: राजाच्या आज्ञेवरून ब्रदर जॉन कॉर याला 'ॲक्वा व्हिटे' (लॅटिनमध्ये 'जीवनजल', म्हणजे गाळलेली दारू) करण्यासाठी आठ बोल (धान्याचं जुनं स्कॉटिश माप) माल्ट दिलं. राजा होता चौथा जेम्स. स्कॉटलंडमध्ये धान्याची दारू गाळल्याचा सर्वात जुना लेखी पुरावा म्हणून ही नोंद मानली जाते. तिथला गाईड ती अभिमानाने सांगेल आणि त्याने सांगावीच. फक्त एवढं लक्षात असू द्या की त्या ओळीत मठाचं नाव नाही. जॉन कॉर लिंडोर्सचा होता ही परंपरेने चालत आलेली समजूत आहे. भिंती पाहताना त्याने काही कमी होत नाही, पण पुरावा आणि परंपरा यांची सरमिसळ होऊ नये असं मला वाटतं.

डिस्टिलरी स्वतः मात्र नवी, २०१७ ची. मठाची जागा ज्यांच्या शेतात आहे त्या मॅकेंझी स्मिथ कुटुंबाने ती उभी केली.

जाण्याचं. गाडीने क्वीन्सफेरीचा पूल ओलांडून पर्थच्या दिशेने गेलात तर साधारण तासाभराचा रस्ता. भारतीय लायसन्सवर पाहुणा म्हणून तुम्ही इथे वर्षभर गाडी चालवू शकता, पण त्या दिवशी चालवायची तर थेंबही घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, म्हणून तिथून येणारी आपली मंडळी 'एका पेगने काय होतंय' म्हणतात. इथे होतं. वहिनी किंवा मुलगी चालवणार असेल तर उत्तम. जो चालवतो त्याच्या वाट्याचे नमुने छोट्या बाटलीत भरून घरी न्यायला देण्याची पद्धत बहुतेक डिस्टिलऱ्यांत आहे, तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

गाडी नसेल तर रेल्वेने पर्थ किंवा कूपरपर्यंत आणि पुढे बस किंवा टॅक्सी. न्यूबरामधून रेल्वेचा मार्ग जातो, पण गाडी थांबत नाही; स्टेशन कधीच बंद झालं. रविवारी गावाकडच्या बस विरळ असतात, म्हणून आठवड्यातला कामाचा दिवस धरा. त्याला दुसरंही कारण आहे: कामाच्या दिवशी भट्टी चालू असण्याची शक्यता जास्त. बुकिंग करताना सरळ विचारा, 'त्या वेळी ऊर्ध्वपातन चालू असेल का?' थंड पडलेली तांब्याची भांडी बघण्यात अर्धीच मजा आहे. बऱ्याच डिस्टिलऱ्या वर्षातून काही आठवडे दुरुस्तीसाठी बंद असतात, तो काळ टाळा.

आता आत शिरूया.

जव आणि दळण यांवर फार वेळ घालवू नका. बहुतेक लहान डिस्टिलऱ्या माल्ट तयार विकत घेतात. म्हणजे जव भिजवून, मोड आणून, वाळवून देण्याचं काम बाहेरचा माल्टवाला करतो. लिंडोर्सचा जव फाइफमधलाच असतो. दळलेल्या माल्टमध्ये ढोबळमानाने २० टक्के फोलपट, ७० टक्के रवा आणि १० टक्के पीठ असं प्रमाण धरतात. फोलपट कमी पडलं की मॅश टनमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या मोठ्या भांड्यात, गाळ नीट बसत नाही आणि रस खाली उतरत नाही. गाईड चाळणीची छोटी पेटी हलवून दाखवेल. पाच मिनिटं, पुढे चला.

मॅश टनमध्ये साधारण ६३-६४ अंशांचं पाणी माल्टवर सोडतात. माल्टमधली विकरं (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. दुसरं पाणी त्याहून गरम, तिसरं आणखी गरम; तिसरं पाणी पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून जपून ठेवतात. उसाच्या मळीत साखर आयतीच असते, त्यामुळे आपल्याकडच्या डिस्टिलरीत हा टप्पाच नाही. म्हणून साखरपट्ट्यातून आलेल्या माणसाने इथे थांबावं, गोड रसाचा वास घ्यावा, देत असतील तर चमचाभर चाखावा. तो उकळत नाहीत, बिअरच्या आणि याच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. न उकळल्यामुळे विकरं पुढे आंबवणातही काम करत राहतात. उरलेला चोथा गाईगुरांना जातो. स्पेंट वॉशची, म्हणजे डिस्टिलरीत मागे उरणाऱ्या सांडपाण्याची, विल्हेवाट लावताना आपल्या कारखान्यांची जी दमछाक होते ती मी पाहिली आहे, म्हणून या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो.

यानंतर आंबवण. इथे खरा मुक्काम करा.

लिंडोर्सची आंबवणाची पिंपं लाकडी आहेत. पुरुषभर उंचीहून मोठी, वर झाकण, आत फेस. झाकण उघडलं की लोक उत्साहाने डोकं आत घालतात. तसं करू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, नाकात मिरची गेल्यासारखा झटका बसतो आणि खोल श्वास घेतला तर भोवळ येऊ शकते. बाजूला उभं राहून हाताने वास आपल्याकडे ओढा. पहिल्या दिवशीच्या पिंपाला भिजल्या पावाचा, यीस्टचा वास. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या पिंपाजवळ गेलात की पिकलेलं सफरचंद, नासपती, कधी अननस. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या पिंपांचा वास मिळेल का, हे आवर्जून विचारा. तास-दोन तासांच्या फेरीत शिकण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

कारण असं. यीस्ट पहिल्या दोन दिवसांत साखर संपवतं आणि सुमारे ८ टक्के अल्कोहोल तयार होतं. निव्वळ अल्कोहोल हवं असतं तर तिथेच थांबले असते. काही डिस्टिलऱ्या ४८-५० तासांत थांबतातही. पण पिंप आणखी दोन-तीन दिवस ठेवलं की यीस्ट मावळतं आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागतात. त्यातून फळांचे वास देणारी एस्टर द्रव्यं वाढतात. मळीच्या डिस्टिलरीत हेच जिवाणू आमचे शत्रू होते. ते वाढले म्हणजे साखर त्यांनी खाल्ली, अल्कोहोलचा उतारा घटला, शिफ्टवाल्याला जाब. इथे त्यांच्यासाठी वेळ मोजून दिला जातो, लाकडाच्या फटींत ते टिकून राहतात याचं कौतुक होतं. उत्पादन थोडं घटतं, टाकी अडकून पडते, पैसा अडकतो, तरीही मालक चार-पाच दिवसांचं आंबवण निवडतो. 'तुमचं आंबवण किती तास?' या एका प्रश्नाच्या उत्तरावरून डिस्टिलरीला घाई आहे की नाही ते कळतं.

'क्राफ्ट' हा शब्द सगळेच वापरतात, स्कॉच व्हिस्कीच्या कायद्यात त्याची व्याख्या नाही. मी पाटीपेक्षा या तासांवर विश्वास ठेवतो.

भट्टीघर. आपल्या कारखान्यात उंच कॉलम असतो, रात्रंदिवस चालतो, वर ९५ टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट निघतं आणि मळीचा मागमूस राहू नये हाच हेतू असतो. इथे तांब्याची पोटाड भांडी, एकेक घाणा. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की, अशा भांड्यांतच, घाण्याघाण्याने काढावी लागते, तसा कायदाच आहे. पहिल्या भांड्यातून साधारण २२ ते २५ टक्क्यांचं पाणचट स्पिरिट येतं, ते दुसऱ्यात जातं. लिंडोर्समध्ये पहिलं भांडं एक आणि दुसऱ्या टप्प्याची लहान भांडी दोन आहेत. एका मोठ्याऐवजी दोन लहान घेतल्याने वाफेला तांबं जास्त भेटतं. तांबं गंधकाचे उग्र वास धरून ठेवतं, म्हणून स्पिरिट हलकं आणि स्वच्छ उतरतं. आपल्याकडे जुनी माणसं तांब्याच्या भांड्यालाच का चिकटून होती हे इथे उभं राहिलं की समजतं.

मग पितळी चौकटीची काचपेटी दिसेल, कुलूप लावलेली: स्पिरिट सेफ. धार आत पडते, बाहेरूनच मोजायची. जुन्या काळी या कुलपाची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असे आणि तो डिस्टिलरीच्या आवारातच राहत असे. आपल्या डिस्टिलऱ्यांत राज्य उत्पादन शुल्कचे निरीक्षक बसायचे, त्याचीच ही थोरली पाती.

दुसऱ्या भांड्याची धार तीन भागांत तोडतात. सुरुवातीचं उग्र बाजूला, मधलं मुरवण्यासाठी ओकच्या पिंपात, शेवटचं जड पुन्हा बाजूला. बाजूला काढलेलं पुढच्या घाण्यात परत मिसळतं. मधला भाग नेमका कुठे सुरू आणि कुठे बंद, हा त्या घराचा स्वभाव. सुरुवातीचा भाग संपला का हे बघायची जुनी रीत म्हणजे धारेत पाणी मिसळून पाहणं: पांढुरकं झालं तर थांबा, स्वच्छ राहिलं तर घ्या. शेवटचा तोडा लवकर घेतला तर स्पिरिट फळासारखं हलकं, उशिरा घेतला तर चामडं, तंबाखू, धान्याचा जडपणा. पीटच्या (माल्ट वाळवताना जाळायच्या दलदलीतल्या मातीच्या) धुराचे वासही उशिरा येतात, म्हणून धुरकट व्हिस्की करणारे तोडा लांबवतात. भट्टीवरच्या माणसाला विचारा: 'तुम्ही तोडा किती टक्क्यांवर घेता, आणि का तिथेच?' 'का' विचारल्यावर त्याचा चेहरा खुलतो. माझा अनुभव आहे की गाईडच्या पाठ केलेल्या फेरीपेक्षा या एका प्रश्नावर जास्त बोलणं होतं.

भट्टीघरात फोन आणि कॅमेरा बंद करायला सांगतील. हवेत अल्कोहोलची वाफ असते, नियम खरा आहे, हट्ट करू नका.

आता माझी सर्वात कळकळीची विनंती. ताजं, पिंपात न गेलेलं स्पिरिट वास घ्यायला मागा. त्याला 'न्यू मेक' म्हणतात. पाण्यासारखं स्वच्छ, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. प्यायचं नाही. दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळा. अल्कोहोल उडून जाईल आणि मागे जवाचा, बिस्किटाचा वास उरेल. मग त्याच डिस्टिलरीची तयार व्हिस्की नाकाशी धरा. काय भट्टीने दिलं आणि काय लाकडाने दिलं, हे वेगळं करता आलं की तुम्ही पुढे आयुष्यात कुठलीही बाटली वेगळ्या समजेने उघडाल. वहिनींनाही हे करायला द्या. न पिणाऱ्यांचं नाक पुष्कळदा जास्त तरतरीत असतं; वासाच्या बाबतीत मी पाहिलेली काही उत्तम माणसं घोटही घेत नाहीत.

पिंपांच्या कोठारात थंडी असते, स्वेटर बरोबर असू द्या. कायद्याने ओकच्या पिंपात, ७०० लिटरहून मोठ्या नाही अशा, स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं राहिल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणता येत नाही. बाटलीत ४० टक्क्यांहून कमी चालत नाही; पाणी आणि साधा कॅरॅमल रंग सोडून काही मिसळायचं नाही. पिंपं बहुतांशी वापरलेली: अमेरिकेत बर्बन (तिथली मुख्यतः मक्याची व्हिस्की) नव्या जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं इकडे येतात. शेरी या स्पॅनिश वाइनची येतात. आणि रेड वाइनची पिंपं आतून तासून, भाजून, पुन्हा जाळून घेतलेली. हा शेवटचा प्रकार व्हिस्कीतज्ज्ञ डॉ. जिम स्वॉन यांनी रुजवला. नव्या डिस्टिलऱ्यांना लवकर गोलाई येण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला. स्वॉन लिंडोर्सचे सल्लागार होते, आणि बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीलाही त्यांनी सल्ला दिला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते गेले. जगभरच्या कितीतरी लहान डिस्टिलऱ्यांत त्यांचा हात आहे, त्यामुळे त्यांचं नाव तिथे निघालं की मला नेहमी भरून येतं.

इथे गोव्याची आठवण काढतोच. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीत ते सुमारे ८ टक्के आहे आणि अमृतमध्ये त्याहूनही अधिक. उष्ण हवेमुळेच भारतीय माल्ट चार-पाच वर्षांत जेवढी लाकडातून घेते तेवढी इकडची फार उशिरा घेते. वर्षांचा आकडा मोठा म्हणजे दर्जा मोठा, ही आपल्याकडची समजूत दोन्ही हवामानं पाहिल्यावर टिकत नाही. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये पहिल्यांदा विकायला आणली ती ग्लासगोमध्ये, थेट स्कॉच पिणाऱ्यांपुढे. ते धाडस इथल्या जुन्या कामगारांनी मनापासून मानलेलं मी ऐकलं आहे. परत गेल्यावर गोव्याला जाल तेव्हा कुंकळ्ळीची फेरीही करा, हेच प्रश्न तिथेही विचारा.

चाखताना सोडा, बर्फ मागू नका. आधी नाकाने, तोंड किंचित उघडं ठेवून. मग एक छोटा घोट जिभेवर फिरवून गिळा. मग चमच्याने थोडं पाणी घाला आणि पुन्हा. पाण्याने पुष्कळदा फळाचे वास वर येतात. सकाळी पोटभर खाऊन निघा. रिकाम्या पोटी तीन नमुनेही डोक्यात जातात.

वहिनींसाठी आणखी. लिंडोर्समध्ये 'ॲक्वा व्हिटे' नावाचं वनस्पती घातलेलं स्पिरिटही करतात, मठातल्या औषधी बागेच्या कल्पनेवरून. वेगवेगळ्या पाल्यांचे, मसाल्यांचे वास घेत स्वतःचं मिश्रण करण्याचा कार्यक्रम तिथे असतो. चालू आहे का ते आधी विचारा. मठाचे अवशेष फिरायला अर्धा तास ठेवा. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात गेलात तर गावात प्लम मिळतात. इथल्या बागांची परंपरा मठाच्या भिक्षूंपर्यंत नेतात. गाडी असेल तर परतताना फॉकलंडचा राजवाडा करा, तो चौथ्या जेम्सनेच वाढवायला घेतला होता. त्या हिशेबवहीतल्या राजाचं घर त्याच दिवशी पाहून होईल.

खरेदीचं. त्यांची पहिली सिंगल माल्ट २०२१ मध्ये आली, म्हणजे वयाने तरुण. त्यात खोल, जुन्या शेरीची चव शोधू नका. जव, फळ आणि ताज्या लाकडाचा गोडवा शोधा. ४६ टक्क्यांची नेहमीची बाटली इतरत्रही मिळते. तिथेच मिळणारी एकाच पिंपाची बाटली असेल आणि चाखून आवडली असेल तर ती घ्या. नुसत्या लेबलवर घेऊ नका. भारतात प्रवाशामागे दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त. ७० टक्क्यांवरचं काहीही विमानात नेता येत नाही, हे 'न्यू मेक'ची बाटली घेताना लेबलवर वाचून घ्या. बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, उभ्या ठेवा. कॉर्क आडवा फार काळ भिजू देऊ नये.